खूणगाठ

रायबंदरच्या बाजूची खिडकी बंद ठेवायची,
नाहीतर नदीचा उजेड छताला लागून खाली येतो
आणि पितळेचा रंग खोटा पडतो.
फोटो काढणं सोपं: राखाडी कापड, मोजपट्टी,
रंगांची चिंधीएवढी पट्टी, क्लिक.
माझं काम त्यानंतरचं.
चित्राच्या आत, वरून दिसणार नाही असं,
त्याचं नावगाव शिवून टाकायचं.

पूर्वी ते सुतळीला बांधलेल्या पुठ्ठ्यावर असायचं.
पुठ्ठे कसरीनं खाल्ले, शाई पावसाळ्यांनी नेली.
एका खोक्यात नुसत्या सुतळ्या आहेत, अठ्ठावीस,
गाठींसकट.
कशाच्या, कुणाला माहीत नाही.
मीही त्या टाकल्या नाहीत.

चहाआधीचा शेवटचा: कोयता.
कॅमेऱ्यानं आपण होऊन लिहून ठेवलं
अकरा वाजून सात मिनिटं, भिंग अमुक,
अक्षांश-रेखांश पणजीचे.
कॅमेऱ्याला वाटतं कोयता पणजीचा.

जुन्या वहीत पोर्तुगीजमध्ये तीन शब्द.
आनाक्लेतबाब निवृत्त झालेत, तरी मंगळवारी येतात,
चष्मा कपाळावर सरकवून वाचतात:
हत्यार. सत्तरी. जप्त.
मग माझ्या पडद्याकडे बघतात.
‘कसं मिळालं’ या रकान्याखाली यादी उघडते,
देणगी, खरेदी, हस्तांतरण.
चौथं काही नाही.
“बाये, हें दान न्हय,” म्हणतात,
आणि खिशातल्या पुडीतला चणा तोंडात टाकतात.

मी सत्तरीची. वाळपईहून सहाच्या कदंबानं येते.
हत्यार कसलं?
आमच्याकडे दर दाराआड एक असतो,
फणसाला, सुपारीला, कुंपणाच्या काट्यांना.
आत्ते म्हणते, माझी नाळ त्यानंच कापली,
पण आत्ते काहीही म्हणते.

चित्र चारशे टक्के मोठं केलं.
पात्याला गंज, तो असणारच.
मुठीवर मात्र अंगठ्याची खळगी चुकीच्या बाजूला.
हवेत हात धरून बघितला. उजवा.
मग डावा.
डाव्यात बसला.

प्रज्वला मॅडम म्हणाल्या, यादी वाढवायची तर बैठक लागते,
बैठक आता दिवाळीनंतर.
तोवर काहीतरी निवड,
रिकामं ठेवलंस तर फाइल पुढे सरकणार नाही.
मी ‘हस्तांतरण’ निवडलं.
या हातातून त्या हातात. शब्दशः खरंच.
आणि बसमध्ये माशेलपर्यंत त्याचीच लाज वाटत राहिली.

दुसऱ्या दिवशी फाइल परत उघडली.
सगळ्यात खाली ‘टिपणी’ असते,
तिला अक्षरांची मर्यादा नाही, वाचणारंही कुणी नाही.
लिहिलं: कोयता, घरकामाचा.
बंडानंतर सत्तरीतून जप्त.
धरणारा डावखुरा, किंवा धरणारी.
निर्मात्याच्या रकान्यात ‘अज्ञात’ होतं.
ते पुसलं आणि लिहिलं,
‘नाव विचारून घेतलं नाही’.
सेव्ह.
फाइल दोन केबीनं जड झाली.
चित्र होतं तसंच.

काही विसरू नये म्हणून आई पदराला गाठ मारायची
आणि तिन्हीसांजेला तीच गाठ दाखवून विचारायची,
ही कशाची गं?
ही गाठ तरी आपलं आपण सांगेल, वाटलं.

रात्री फोटो आत्तेला फोनवर पाठवला.
फोन वाटेत चित्र हलकं करतो,
आतलं सगळं उसवतो. प्रशिक्षणात सांगितलं होतं,
पण त्या वेळी सुचलं नाही.
पोचला तो नुसता कोयता, राखाडी कापडावर,
ना गाव ना टिपणी.

आत्तेचा उलट फोन आला.
“डावऱ्याचा कोयता,” ती म्हणाली,
“कुणी दिला गं तुला?”

दिला नाही, आत्ते, म्हटलं,
आणि पहिल्यापासून सांगायला लागले.