विलंब माफीचा अर्ज

वकील मुजावर म्हणाले, कुंदाताई,
उशीर झाला एवढं सांगून भागत नाही,
दिवसादिवसाचा हिशोब द्यावा लागतो.
तीन हजार एकशे बारा दिवस.
त्यांनी कॅल्क्युलेटर माझ्याकडे फिरवला,
वाण्यानं बिल दाखवावं तसा.

तर घ्या लिहून.
पहिले तेरा दिवस सुतकाचे.
चौदाव्या दिवशी आई पाटबंधारे ऑफिसात गेली,
बाबांचं ओळखपत्र पदराच्या गाठीत बांधून.
आवटे साहेब म्हणाले, मुलगी अज्ञान आहे,
अठराची होऊ दे, मग अनुकंपाचं बघू.
घरी येऊन आईनं विचारलं, अज्ञान म्हणजे गं?
म्हटलं, लहान.
मग ठीक आहे, म्हणाली, आणि भाकरी थापायला बसली.

मुजावरांनी पेन उचललं.
तिथपासून नाही हो,
नकाराच्या पत्रापासून मोजतात.
मग आधीची सहा वर्षं कुणाची?
ती ऑफिसची, म्हणाले.
ऑफिसला दिवस नसतात.

बरं. पत्रापासून.
पत्र गेलं फुरसुंगीच्या चारीवरच्या क्वार्टरला,
जी त्यांनीच आमच्याकडून खाली करून घेतली होती.
तिथं आता पाइप ठेवतात.
एकशे एकतीस दिवस ते पत्र
पाइपांच्या शेजारी पडून होतं,
मग नव्या चौकीदारानं आणून दिलं, बाबांचं नाव ओळखून.
एकसष्ट दिवस आई ससूनला, वॉर्डाच्या बाहेर
मी, एक चटई, एक थर्मास.
एक दिवस मैत्रिणीबरोबर सारसबागेत भेळ खाल्ली.
हा लिहू नका, ते म्हणाले.
मी म्हटलं, लिहा. दिवसादिवसाचा म्हणालात ना.

उरले दोन हजार नऊशे एकोणीस.
ते सगळे एका शब्दात आहेत.
थांबा.
आवटे म्हणाले थांबा, यादी सरकतेय.
आवट्यांच्या जागी आलेल्या बाई म्हणाल्या थांबा,
फाइल मुख्यालयात आहे.
शिपाई म्हणाला थांबा, साहेब जेवतायत.
कुणी कागदावर थांबा लिहून दिलं नाही.
पोच कशाची घेणार?
रोज चौकशीला यायचंच, म्हणून मी
मंगळवार पेठेत, ऑफिससमोरच्याच बोळात
कर्जानं झेरॉक्सचं मशीन टाकलं.

निकाल अडीच पानांचा.
विलंबाचं समाधानकारक कारण नाही.
अनुकंपा ही तातडीच्या गरजेपोटी असते,
कुटुंब इतकी वर्षं तगलं,
अर्थात ती गरज संपली.
म्हणजे आम्ही मेलो नाही
हा पुरावा आमच्याविरुद्ध गेला.
आई म्हणाली, काय लिहिलंय?
म्हटलं, आपण निभावलं असं लिहिलंय.
तिला बरं वाटलं.

आणखी एक वाक्य होतं, शेवटून तिसरं:
भरलेल्या जागा आता विस्कटता येत नाहीत.
हे मात्र मला कळतं.
त्या टेबलावर आता वाघोले आहे.
सरळ परीक्षा देऊन लागला, त्यानं कुणाचं काही नेलं नाही.
धायरीत फ्लॅट घेतलाय, थोरलीला चष्मा लागलाय,
हे मला माहीत, कारण त्याचे कागद
माझ्याच मशीनमधून जातात.

अर्जवाली पोरं येतात बोळात,
त्यांच्यावर मी खेकसते, दोन प्रती काढ,
एकीवर शिक्का घे, तारखेचा, गोल नको,
आजच जा, चहा नंतर.
ती हसतात. ताई जरा चक्रम आहेत म्हणतात.

काल वाघोले आला, पगारपत्रक घेऊन.
बँकेला द्यायचंय, म्हणाला, घाई आहे जरा.
मशीन तापायला वेळ घेतं, सकाळचं.
त्यानं दोनदा घड्याळ पाहिलं.
माझ्या तोंडून निघून गेलं,
थांबा.