तडी

पहाटे मी डोळे उघडायच्या आधी गोठा जागा होतो.
म्हैस खुंट्यावर शिंग आपटते. एकदा.
मग थांबून दोनदा.
म्हणजे तिला कळलंय
की मीही जागी आहे
आणि वाकळेत खोटी पडलेय.

"तडी!" मी आतनंच ओरडते.

हा शब्द माझा नव्हे.
माझं माहेर चंदगडकडचं, आम्ही गुरांना "थांब गे" म्हणायचो.
इथल्या म्हशीला थांब म्हटलं की ती चालायला लागते.
सासू हुक्केरीची. पस्तीस वर्षं
या गोठ्यात तिनं हा एकच शब्द पेरला.
तडी म्हणजे जरा दम धर. म्हणजे आणते.
म्हणजे तुझ्यासारखी आणखी दहा तोंडं आहेत माझ्या मागं.

गंजी खाली आलीय.
शिगेपासनं उपसत उपसत आता तळाचा काळा थर,
म्हैस तो हुंगते आणि माझ्याकडं बघते,
नणंद पातळ आमटीकडं बघते तशी.
रताळ्याचे वेल होते तोवर बरं होतं,
मार्कंडेयाच्या काठनं भारा ओढत आणायचा,
ओली हिरवी दोरखंडं,
खाताना तिच्या ओठांवर पांढरा चीक यायचा.
आता फाल्गुन.
कडबा तोडायचा, मिठाचं पाणी शिंपडायचं,
वर मूठभर पेंड दाखवायची.
दाखवायची म्हणते मी. घालणं वेगळं.

डेरीचा नारू गाडी बंद करत नाही,
कडोलीची पहिली बस त्याच्या मागं हॉर्न देत असते.
दोन सडं डब्याला, एक घराला, एक रेडकाला.
रेडकाला हा हिशोब मान्य नाही.
ते डब्यालाच ढुशी देतं.

आणि काल शेळीनं पंचायतीचा कागद खाल्ला.
खिडकीच्या गजात खोचून ठेवला होता मी,
पोरगं शाळेतनं आलं की वाचून दाखवेल म्हणून.
कानडी मला बोलता येतं, अक्षरं येत नाहीत,
उफणलेल्या मसुरीसारखी दिसतात, सगळी गोल.
शेळीला येत असावीत.
खालच्या शिक्क्यापर्यंत नीट आली
आणि शिक्का तेवढा थुंकली.
आता ती नळाची पट्टी होती,
का लाळ्या-खुरकतच्या सुईची तारीख,
ते तिच्या पोटात रवंथ होतंय.
नवरा म्हणाला, पट्टी असंल तर पचू दे.

सासू सोप्यात बाजेवर आहे, मांडीचं हाड मोडल्यापासनं.
दिसत तिला काही नाही तिथनं. ऐकते.
"काळ्या कोंबडीला दाणं मिळालं न्हाईत, लंगडीनं खाल्लं."
"कुत्रं दारात न्हाई, परड्यात हाय, तिकडं टाक."
भिंतीपलीकडनं कसं कळतं हिला?
एकदा कंटाळून मी नुसतीच पाटी आपटली गव्हाणीत,
चारा घातल्यासारखी.
आतनं आवाज आला,
"रिकामी वाजली गं."

दुधाचं झालं. शेणाचं झालं.
कोंबड्या पाच, शेळ्या दोन, म्हैस, रेडकू,
कुत्रं, आणि ते मांजर
जे आपण या घरचं आहोत असं फक्त सकाळीच मानतं.
मोजली मी. अकरा.
गोठ्यात चावण्याचा आवाज सुरू झाला
तो एकसारखा, खोल, दळणासारखा.
तो ऐकला की माझे खांदे आपोआप खाली येतात.

"एल्लार्दू आत?" सासूनं विचारलं.
सगळ्यांचं झालं का?
"आत," म्हणाले मी,
आणि चुलीपुढं पाय पसरून
कालची भाकरी, वर चटणी, तेल घ्यायलाही उठले नाही,
पहिला घास मोडला.

चुलीच्या वैलावर आंबील होती. झाकलेली.
सकाळी सहाला ठेवलेली.

बाजेच्या खुरावर वाटी वाजली. एकदा.
मग थांबून
दोनदा.