एक 'अ' जास्त

एकतीस वर्षं तारामुंबरीच्या शाळेत
मी हा एकच शब्द खोडत आलो.
परोक्ष म्हणजे डोळ्यांच्या पलीकडचं.
अपरोक्ष म्हणजे समोर, उघड्या डोळ्यांना दिसेल असं.
आणि सगळं गाव नेमकं उलटं बोलतं.
बायका नळावर, भटजी ओटीवर, सरपंच माइकवर:
"माझ्या अपरोक्ष झालं हो हे सगळं."
मी म्हणायचो, अरे, मग तू बघत काय बसलास?
पोरं हसायची. दुसऱ्या दिवशी तेच लिहायची.

आता बंदरावर, बर्फाच्या कारखान्याशेजारी
अर्ज लिहून देतो. वीस रुपये.
टेबलाचा एक पाय आखूड, त्याखाली शिंपला.

शालन खवळे आली. मुठीत रेशनकार्ड,
हातांना बांगड्याचा वास.
म्हणाली, लिवा:
"माज्या घोवाच्या अपरोक्ष दिरान इंजिन विकल्यान."
होडी रिकामी मिळाली होती आचऱ्यासमोर,
दोन दिवाळ्यांपूर्वी. जाळं आतच,
जेवणाचा डबा न उघडलेला.

मी लिहिलं, आणि लगेच 'अ'वर रेघ मारली.
सवय.
"ह्या काय केलात?"
सांगितलं. पलीकडचा तो परोक्ष,
समोरचा तो अपरोक्ष.
वर्गात सांगायचो तसंच, खडू नव्हता एवढंच.

तिने ऐकून घेतलं. खाडीकडे बघितलं नाही.
मी बघितलं.
"खडप खंय दिसता, मास्तरांनू?
पाण्याखाली असता ता.
देवळाचो कळस नि दीपगृह एका रेघेत इली
काय ह्ये म्हणत, हयसरच.
नि टाकीत जाळा."

बर्फाचं यंत्र मध्येच बंद पडलं.
आवाज थांबल्यावर कळलं, केवढा होता.

"सकाळी चुलीकडसून
दाराची चौकट नि खुंटी एका रेघेत येता.
माका गावता."

खुंटीवर काय आहे, मी विचारलं नाही.

"तेवा तुमचो तो अ
ऱ्हवांदे."

पेन्सिलीची रेघ रबराने घासली.
पुरती गेली नाही.
तिने वीस रुपये दिले, सुट्टे, ओले.

साहेबांनी चष्मा लावून अर्ज वाचला.
तारीख दुरुस्त करायला लावली. पिनकोड मागितला.
त्या शब्दावरून त्यांची नजर सरळ पुढे गेली,
चूक काही त्यांना दिसली नाही.

मी खिडकीशी उभा होतो.
दाखवली नाही.