दोन ओळी तुमच्याबद्दल

"मोदगेकरबाई, निरोपाचा भाषण तुम्हीच लिवा बगा,"
हिरेगौडर साहेब म्हणाले, चष्मा टेबलावर पालथा ठेवून.
"आणि शेवटी दोन ओळी तुमच्याबद्दल पण घाला.
नाहीतर बरं दिसत नाही."

उद्यमबागेतल्या या कारखान्यात
बावीस वर्षं मी त्यांच्या दाराबाहेर बसते.
आत जाणारा आधी माझ्या तोंडावरचं हवामान बघतो.
पेन कानामागे खोचलेलं असलं की उद्या यायचं,
हे फौंड्रीतल्या नव्या पोरांनाही
पहिल्या आठवड्यात कळतं.

साहेब कानडीत संतापतात,
मी ते मराठीत मनाशी निववते
आणि इंग्रजीत टाइप करते.
तोवर वाफ गेलेली असते.
'त्या हरामखोराला सांग' याचं होतं
'आपल्या सोयीने कळवावे, ही विनंती'.
पुण्याच्या गिऱ्हाइकाला वाटतं, काय देवमाणूस आहे.
त्या वेळी देवमाणसाला घाम फुटलेला असतो
आणि खालच्या खणातली गोळी
मी न विचारता पुढे सरकवलेली असते.

त्यांच्या धाकटीचं लग्न मोडलं
ते घरच्या अर्ध्या लोकांच्या आधी मला कळलं.
हुबळीच्या हॉलची आगाऊ रक्कम परत मागणारं पत्र.
कारण: अपरिहार्य.
स्पेलिंग मी दोनदा तपासलं.
दुपारी डबा तसाच परत गेला,
त्यांचा नव्हे, माझा.

त्यांचं मराठी मी रोज दुरुस्त करते, कागदावर.
तोंडावर कधीच नाही.
फाइल त्यांना 'ते' असते, चहा 'ती',
आणि मी बहुतेक वेळा 'तो'.

माझ्याबद्दल त्यांना काय ठाऊक असणार?
आई सिव्हिलात होती तो महिना
मी दर दोन दिवसांनी उशिरा यायचे.
"तिसरं रेल्वे गेट पडलं होतं, सर."
"हां, तो गेट लई त्रास," म्हणायचे आणि
डिक्टेशन सुरू.
गेटावर पूल होऊन तेव्हा वर्ष झालं होतं.
हे माझ्या लक्षात आलं
आईच्या तेराव्यानंतर,
बसमधून त्याच पुलावरून जाताना.
साहेबांची गाडी त्यावरून रोज दोनदा जाते.

रात्री भाषण लिहायला बसले.
कामगारांसाठी कानडी, संचालकांसाठी इंग्रजी,
आमच्या ऑफिसातल्यांसाठी मराठी.
"काय करूलालीस गे अजून?" आतून मुलगा.
"साहेबांचं भाषण."
"मग त्यांनाच करू दे की!"

भट्टीजवळ गेलेल्या यल्लाप्पाचं नाव घातलं,
चहावाल्या दस्तगीरचं घातलं,
ते विसरले असते.
मग शेवट.
'श्रीमती वैजयंता मोदगेकर यांचा मी ऋणी' —
छे. ऋणी हा शब्द त्यांच्या जिभेवर बसत नाही.
'कार्यतत्पर' खोडलं. 'कुटुंबातल्यासारख्या' तर
लगेच खोडलं.
कुणाबद्दल साहेब काय म्हणतील
हे मी झोपेतही सांगेन,
एवढं एक सोडून.
दोन ओळींची जागा कोरी ठेवली
आणि प्रिंट काढली.

शनिवारी कँटीनच्या हॉलमध्ये
सगळं नीट वाचलं त्यांनी.
कोऱ्या जागेशी आले, कागद उलटून बघितला,
चष्मा काढला.
मला वाटलं, संपवतील, धन्यवाद म्हणून.

"आमचा मोदगेकरबाई," म्हणाले,
"गेट पडला की थोडा उशीर होतंय त्याला.
बाकी बावीस वर्षात काय चूक नाही."

लोक हसले. कुणी टाळ्या वाजवल्या,
कुणाचं लक्ष कुंद्याच्या ताटांकडे.
पुलाचं कुणाच्या ध्यानात आलं नाही.

मी सवयीने वही उघडली
आणि त्यांचं वाक्य उतरून घेतलं,
व्याकरण तसंच ठेवून.