फरशीखालचं

एकतीस वर्षं उद्यमबागच्या फाउंड्रीत
मी वाळूला आकार दिले.
काळी वाळू, बेंटोनाइट, पाण्याचा एक हबका;
मूठ दाबायची, उघडायची, बघायचं.
बोटांचे ठसे धरले की वाळू तयार.
पंपांचे कान, मोटारींची पोटं,
कुठल्या कुठल्या ट्रॅक्टरचे गुडघे.
त्या वाळूत काही मरत नव्हतं,
जगतच नव्हतं काही.

रिटायर झालो
आणि अनगोळच्या घराचं अंगण
पहिल्यांदा दुपारी पाहिलं.
इंटरलॉक फरशी, लाल-करडी,
स्नेहलच्या लग्नात घातलेली,
मांडवात चिखल नको म्हणून.
एप्रिलात पाय ठेवला की भट्टीचं तोंड.
पावसाचं पाणी गटारात,
गटारातून बळ्ळारी नाल्यात,
आणि मे महिन्यात आम्ही घागरी घेऊन
टँकरच्या मागे.
हिशेब सोपा होता.
मला लावायला एकवीस वर्षं लागली.

पहिली फरशी पहारीनं उचलली
तेव्हा भारता दारात आली.
"आता हे काय उपटूलाय?"
"अंगण."
"अंगण उपटून काय लावणार, अंगण?"
मी पहार चालवत राहिलो.

खाली क्रशरची भुकटी,
भुकटीखाली माती,
प्लास्टर काढल्यावर
हाताचं कातडं दिसतं तशी,
पांढुरकी, सुरकुतलेली, दचकलेली.
जुन्या सवयीनं मूठ दाबली.
ठसे धरले नाहीत.

वर्षभर काही धड झालं नाही.
ओल्या कचऱ्याच्या ड्रमाला असा वास सुटला
की हुंदरे मास्तरांनी खिडकी लावून घेतली ती लावूनच.
महापालिकेचा माणूस कानडीत नोटीस वाचून गेला,
अर्धी मला कळली.
गेटापाशी थांबून मराठीत म्हणाला,
"सुका पाला घाला की हो वरनं."
मिरच्या मुरडल्या. पेरूला वाळवी.
दुकानातनं पांढरी पूड आणली, पुडीवर कवटी.
तीन दिवस ती मीटरच्या पेटीवर
माझ्याकडं बघत बसली.
चौथ्या दिवशी परत केली,
दुकानदारानं वीस रुपये कापले.

मागच्या गल्लीतली निंगव्वा
शेणाची बुट्टी उतरवून अंगणात बसली,
चिमूटभर माती बोटांत चुरली.
"मण्णु हसदैती री."
भारताचं माहेर बैलहोंगलचं, तिला आधी कळलं.
"उपाशी हाय म्हणूलीय," ती म्हणाली,
आणि आत जाऊन
डब्यातलं हरभऱ्याचं पीठ घेऊन आली.

शेण, गोमूत्र, संकेश्वरचा गूळ, पीठ.
आणि एक मूठ माती,
जिच्यावर कधी कुणी काही फवारलं नाही अशी.
ती शोधायला मी जांबोटीला गेलो,
ऐनाच्या बुडातनं काढली.
परतीच्या बसमध्ये कंडक्टर म्हणाला,
"पिशवीत काय?"
"माती."
त्यानं माझ्याकडं पाहिलं, पिशवीकडं पाहिलं.
"तिला तिकीट नाही."

सकाळी मी काठीनं ढवळायचो,
संध्याकाळी ढवळलेलं असायचं.
कोण, ते मी विचारलं नाही.
भारताच्या पदराला गुळाचा वास यायचा.

डिसेंबरात अळूच्या बुडात हात घातला.
काळी, ओलसर, खवल्याखवल्यांची.
मूठ दाबली. ठसे धरले.
अंगठ्यानं टोचली तर सुटून पडली.
फाउंड्रीत असला घाण्या मी परत पाठवला असता.
पुन्हा दाबणार,
तेवढ्यात मुठीत काहीतरी हललं.

मी हात उघडाच ठेवून
कितीतरी वेळ उकिडवा बसलो,
मोल्डर माणूस, एका गांडुळासमोर.

एकशे बारा फरशा निघाल्या.
एक ड्रमावर झाकण म्हणून आहे.
बाकीच्या गेटाबाहेर रचल्यात,
अजून कुणी नेल्या नाहीत.
कुणी नेऊही नयेत, असं वाटतं,
आणि रोज दूध आणायला जाताना
अंगठा ठेचतो.