दम

इलाही मुजावरांनी पहिल्या दिवशी टाकी
संगमाच्या पायरीवर आडवी ठेवली.
"उभी ठेवली की पडते. पडली की पाय मोडतो.
पायाचं एक वेळ जाऊ द्या, व्हॉल्व्ह मोडतो."
आम्ही अकरा जण हसलो. ते हसले नाहीत.

आत काय आहे?
ऑक्सिजन, आम्ही एका सुरात.
"न्हाई. साधी हवा. हीच, हरिपूरची,
चिंचेखालची, दाबून दाबून भरलेली.
दोनशे बार. पन्नास उरली की वर असायचं.
काट्याला विचारून निघायचं, मनाला विचारून न्हाई."

मी पेवात उतरणाऱ्याचा पोरगा.
आबा हळद काढायला उतरायचे तेव्हा
आधी दोरीनं कंदील सोडायचे खाली.
वात विझली तर माणूस उतरायचा नाही,
तोंड उघडं टाकून चिलीम ओढत बसायचा.
दम धर, कृष्णात, म्हणायचे मला.
शाळेत, पंगतीत, एस्टीच्या रांगेत,
दम धर.

आणि इथं पहिला नियम:
दम धरायचा नाही.
कधीच नाही, कशासाठीच नाही.
"छातीत हवा कोंडून वर आलास
तर वर येता येता ती फुगते, फुफ्फुस फाटतं.
घेत राहा, सोडत राहा. भित्र्या माणसाला जमत न्हाई
एवढं सोपं काम."
चाळीस वर्षांची शिकवण मी
रेग्युलेटरच्या रबरात दातांनी धरून बसलो.

काचेत थुंकायचं, म्हणजे धुकं धरत नाही.
कान दुखायच्या आधी नाक चिमटून फुंकायचं.
कमरेला शिसं, पट्टीच्या पोहणाऱ्यालाही,
कारण बुडणं हे वेगळं शिकावं लागतं.
आणि जाकीट. हवा भरली की वर, सोडली की खाली,
पण मधे एक जागा असते
जिथं माणूस वरही जात नाही, खालीही नाही.
इंग्रजीत तिला लांबलचक नाव आहे.
इलाहीभाई म्हणाले, अधांतरी म्हणा.
घरात हा शब्द माझ्यावरच वापरला जायचा,
बारावीनंतर, नोकरी सुटल्यानंतर.
इथं ती विद्या निघाली.
मला तीन आठवडे लागले.

दुसरी नळी पिवळी. ती आपली नव्हे,
जोडीदाराची हवा संपली तर त्याच्यासाठी.
पिवळी का? तर गढूळ पाण्यात दिसावी म्हणून.
मला वाटलं, आमच्या गावात हे विचारायची गरज नव्हती.
जोडीदाराला बडी म्हणतात.
बुडीतला उकार काढला की बडी होतो,
हे मी वहीत लिहिलं, कुणाला दाखवलं नाही.

अंगठा वर म्हणजे छान नव्हे.
अंगठा वर म्हणजे, चल, वर.

ऑगस्टनंतरच्या कृष्णेत काच असून नसल्यासारखी.
वीस फुटांवर आपला हात आपल्याला परका.
इलाहीभाईंनी तळाला एक पितळी कुलूप टाकलं होतं,
दोरी धरून चाचपत ते शोधायचं.
चिखल, मुळी, कुणाची तरी चप्पल, पुन्हा चिखल.
कानात फक्त माझाच श्वास,
खरखरत आत, बुडबुडत बाहेर.
कुलूप मला नाही, जयपालला सापडलं.
त्यानं माझं मनगट पकडून
माझ्या तळहातावर अंगठा टेकवला, वरच्या दिशेनं.
पंधरा फुटांवर तीन मिनिटं थांबलो.
काही करायचं नव्हतं. केलं नाही.

पायरीवर आबा बसले होते.
रेशनच्या वहीत अंगठा उठवणारा माणूस,
त्यांना मी खूण सांगितली. त्यांनी स्वतःचा अंगठा
थोडा वेळ नीट बघितला.
मग रेग्युलेटर नाकाशी नेऊन
मी बटण दाबायला सांगितलं तसं दाबलं, हवा सुसाटली.
"ह्येला वासच न्हाई की रं,"
म्हणाले, आणि पुन्हा दाबलं.
"भाई," मी म्हटलं, "काट्याकडं बघा, संपवतील."
"संपवू दे," इलाहीभाई म्हणाले. "जरा दम धर."