ओहोटी वजा जाता

नेरूळच्या धक्क्यापासून दूर, चिखलाच्या वासात
ती नांगरून होती: दोन अंगांची, एकाच कपाळाची.
दलाल कृपलानी म्हणाले, कॅटामरान, मॅडम,
अकरा वर्षांची, पण पळायला अजून हरिणी.

मी काही बोलले नाही.
एकतीस वर्षं वजनकाट्यावर काढली आहेत मी,
ठाणे-बेलापूर रस्त्याला, केमिकलच्या फाटकाशी.
आधी रिकामा ट्रक, मग भरलेला.
मधलं जे उरतं तेवढाच माल.
ड्रायव्हर सांगतो तो आकडा कधी लिहिला नाही.

सोबत सारसोळ्याचा जोमा नाखवा.
त्यानं चढायच्या आधी पाण्याची रेघ पाहिली.
बुडाच्या रंगाचा काठ
चार बोटं पाण्याखाली गेलेला.
"पोटुशी हाय," म्हणाला.

आत उतरून मी तिचं पोट मोजलं:
कपडे धुण्याचं यंत्र, दोन एसी, जनरेटर,
ग्रॅनाइटचा ओटा (हो, ग्रॅनाइटचा),
बारा जणांचे काचेचे पेले,
आणि कुणा मुलाची सायकल, हवा गेलेली.
इंजिनांचे तास चार हजारांवर.
शिडं मात्र कोरी, घडीच्या रेघा कडक,
एकदाच नेसून कपाटात गेलेल्या शालूसारखी.
म्हणजे ही फिरली खूप.
चालली कधी?

दुपारी खारा वारा धरला.
शीड भरलं, दोऱ्या करकरल्या,
पाम बीचच्या इमारती मागे सरकू लागल्या
आणि माझ्याही घशात काहीतरी चढलं, खोटं का बोलू.
कृपलानींनी मोबाइल पुढे केला: सहा पूर्णांक दोन!
बघा मॅडम, एवढ्याशा वाऱ्यात.

जोमानं पिशवीतून नारळाचं सोडण काढलं,
नाळेवरून पाण्यात टाकलं
आणि त्याच्याबरोबर मागे चालत आला, मोजत.
सोडण सुकाणापाशी पोचलं तेव्हा सहा.
बारा मीटर भागिले सहा.
मी बोटांवर हिशेब केला: चारसुद्धा नाही.
"बाय," तो म्हणाला, "होरी नाय चालत,
पानी चालतंय."

परतताना वारा नाकावर.
वळता वळता ती मध्येच उभी राहिली,
ना इकडे ना तिकडे, शीड फडफडत,
पोटाखाली लाट धप्प आपटली, पेले वाजले.
कृपलानींचा हात चावीकडे गेला.
जोमानं त्यांच्या मनगटावर आपला हात ठेवला,
पुढचं शीड उलटं धरलं,
आणि थांबला.
किती वेळ, कुणास ठाऊक.
मग नाक हळूच फिरलं,
झोपेतल्या माणसानं कूस बदलावी तसं.

त्या थांबण्यात मला नको ते आठवलं.
मी सुपरवायझर झाले, कारण टिपणीस अचानक गेले.
माझा सीवूड्सचा फ्लॅट चौपट झाला,
कारण स्टेशन आलं, मॉल आला.
लोक म्हणाले, बाईंनी काय वेग घेतला!
आणि मी तो आकडा लिहून घेतला,
मी, जिनं कधी कुणाचा घेतला नव्हता.
माझं सोडण कुणी टाकलंच नाही.

धक्क्यावर मी किंमत सांगितली.
कृपलानी हसले, मग हसायचे थांबले.
ओटा, यंत्र, जनरेटर तुम्ही काढायचं, म्हटलं,
आणि भांगाच्या दिवशी पुन्हा यायचं,
पाणी फारसं ओढत नाही तेव्हा.
सायकल राहू दे.
का म्हणाले ते मलाही कळलं नाही.

आज अष्टमी.
काठ बोटभर वर आलाय, चारातलं एक.
वारा जेमतेम, जोमा सुकाणावर,
मोबाइल मी घरी ठेवलाय.
नाळेवर मी, हातात सोडण, ओलसर, केसाळ.
टाकते.
एक.
दोन.